उन्हातला तपकिरी

आभाळ भरलेलं होतं म्हणून मी तो लॉट ट्यूबलाइटखाली तपासला आणि पास केला. तपकिरी शेड दारात, उन्हात धरूनच बघायची, हे रंगखात्यात आलेल्या प्रत्येक माणसाला मीच शिकवत आलोय. दोन दिवसांनी ऊन पडलं तेव्हा कळलं, कापडात लाली उतरली होती. आधीच्या मालाशी ते जुळत नव्हतं.

हा ओढण्यांचा माल तुर्कस्तानच्या एका व्यापाऱ्याचा होता. सचिन गावातल्या आमच्या कारखान्यात परदेशी व्यापाऱ्यांशी बोलण्याचं काम माझी मुलगी करते. शाळा मराठी, घरात अहिराणी, बाहेर गुजराती आणि हिंदी. इंग्रजी तिनं कामावर रोज बोलून बोलून कमावली. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्या व्यापाऱ्यानं विचारलं, "कलर सेम?"

तिनं आवाज बंद केला आणि शेठकडे बघितलं.

"अरे बेन, एटलुं तो चाले," शेठ म्हणाले. "सेम बोल ने!"

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. पण मी तिच्याजवळ वाकून हळूच म्हणालो, "काही बोलू नको वं, बेटा." माल परत आला असता तर बोट माझ्याकडे आलं असतं. पन्नाशी ओलांडलेल्या रंगमास्तरला दुसरीकडे कोण उभं करतं?

"पप्पा, ऊन तिथंही पडतं ना," ती म्हणाली आणि तिनं आवाज सुरू केला.

"नॉट सेम, सर. इन सन, लिटल रेड."

शेठनी कपाळाला हात लावला.

"हाऊ मच रेड?" व्यापाऱ्यानं विचारलं. त्याची इंग्रजीही आमच्यासारखीच, जोडजोडून बोललेली. बाजारात असता तर त्यानं कापड चिमटीत धरून दारात नेलं असतं, प्रश्न मिटला असता. मोबाइलच्या पडद्यावर रंगाचा काय भरवसा? मला वाटलं, आता ही अडकणार.

तिनं विचारलं, "सर, यू हॅव टी? नो मिल्क?"

तो हसला. टेबलावरचा काचेचा छोटा पेला त्यानं उचलून दाखवला.

"गो टू विंडो, प्लीज. ओल्ड लॉट, स्ट्राँग टी. न्यू लॉट, युवर टी."

तो माणूस पेला घेऊन खरंच खिडकीशी गेला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मोजक्या शब्दांत, जी दोघांचीही आईची भाषा नाही अशा भाषेत, माझ्या मुलीनं सचिनमधल्या कापडाचा रंग त्याच्या हातात दिला होता. इंग्रजी म्हणजे साहेबाचा रुबाब, असं मी समजत आलो होतो. ती इतकी साधी, इतकी कामाची असते हे मला ठाऊकच नव्हतं.

"हू मेक दिस कलर?" खिडकीतूनच त्यानं विचारलं.

"माय फादर," ती म्हणाली आणि तिनं मोबाइल माझ्याकडे वळवला. मी नकळत हात जोडले.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग म्हणाला, "ओके. सेंड. नॉट मिक्स विथ ओल्ड." हा माल तो वेगळी शेड म्हणून विकणार होता. शेठ म्हणाले, "बच गया, मास्टर," आणि मला खाली मान घालून हसावं लागलं.

संध्याकाळी डिंडोलीला घरी निघताना पार्किंगमध्ये मी तिला म्हणालो, "बाप आहे हे सांगायची काय गरज होती?"

"मग काय सांगू? शेजारचे काका?" तिनं हेल्मेट चढवलं. "बसा आता, फाटकावर गर्दी होईल."

मी तिच्या मागे बसलो.