चावीतला सेल संपेपर्यंत

एखादी वस्तू नेमकी किती दिवस टिकणार हे या जगात दोघांनाच ठाऊक असतं, एक परमेश्वर आणि दुसरे आमचे साडू. फरक एवढाच की परमेश्वर तारीख लिहून ठेवत नाही. साडू लिहून ठेवतात. काळ्या मार्करनं, वळणदार अक्षरात, बल्बच्या बुडावर, झाडूच्या मुठीवर, गॅसच्या नळीवर, टूथपेस्टच्या शेपटीवर. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म इन्स्पेक्शन खात्यात काढला. दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढायची आणि त्याबद्दल वर मान मिळवायचा, असं ते खातं. मी त्यांच्या समोरच, गल्लीच्या पलीकडच्या अंगाला राहतो, त्यामुळे माझ्यासारख्या गलथान माणसाची तपासणी रोजच्या रोज होते. जगाचे त्यांनी तीन भाग केलेले आहेत: पास, रिजेक्ट आणि रिवर्क, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा आणा. लेकीचं लग्न ठरताना जावयाला तासभर न्याहाळून त्यांनी ताईंच्या कानात ‘रिवर्क’ असा शेरा मारला होता. तो जावयाला ऐकू गेला, आणि बिचारा अजूनही सासरी आला की पाठीचा कणा ताठ ठेवून बसतो. आमच्या भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागं पडलं की साडू दारातूनच सांगतात, सेल बदला नाहीतर घड्याळ उतरवून ठेवा, खोटं सांगणारी वस्तू भिंतीवर नको.

असा माणूस निवृत्त झाला आणि त्यानं गाडी घेतली. उभा जन्म कंपनीच्या बसमधून, दुसऱ्यानं ठरवलेल्या वेळेला, दुसऱ्याच्या शेजारी बसून गेलेला. ताईंना कुठं न्यायचं तर एसटी नाहीतर कुणाच्या तरी जीपचे पाय धरायचे. गाडी दारात आली त्या दिवशी साडू तिच्याभोवती सात वेळा फिरले. आमच्या बायका म्हणाल्या प्रदक्षिणा घालतायत, पण ते रंगातली खोट शोधत होते. त्यानंतर दर शनिवारी ताईंना शेजारी बसवून ते सोनईला, आपल्या गावी, भावाकडे जायचे आणि महिन्यातून एकदा देवळाली प्रवऱ्याला बहिणीकडे. ताई खिडकीची काच अर्धी खाली करून, केस उडू नयेत म्हणून डोक्याला रुमाल बांधून बसायच्या. संसाराच्या इतक्या वर्षांत मी त्या बाईला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं, आणि साडूंना तर नाहीच नाही. गाडीसोबत आलेलं जाडजूड पुस्तक त्यांनी पेन्सिलीनं खुणा करत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. असं करणारा आमच्या पंचक्रोशीतला तो एकमेव गाडीमालक असावा. त्यात त्यांना कळलं की रिमोटच्या चावीत नाण्याएवढा चपटा सेल असतो. तो किती टिकतो असं त्यांनी शोरूमवाल्याला विचारलं. त्यानं, दोन वर्षं, फार तर तीन, असं मोघम उत्तर दिलं, आणि ‘फार तर’ हे माप कुठल्या पट्टीवर असतं अशी साडूंनी त्याची उलटतपासणी घेतली.

दोन वर्षांनी डोळ्यांचं निघालं. साधा चष्म्याचा नंबर वाढला म्हणून गेले आणि काचबिंदू घेऊन परत आले. समोरचं स्वच्छ दिसत होतं, पण डाव्या बाजूचं कडेकडेनं कमी होत चाललं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, औषधं टाका, दर तीन महिन्यांनी दाखवा, तूर्त दिवसाउजेडी थोडीफार गाडी चालवा, पण सोडायची तयारी ठेवा. पुण्याहून लेक धावत आली. तिचं म्हणणं, आजच सोडा. यांचं म्हणणं, तारीख सांग, मोघम बोलू नकोस. दोन तास बापलेकींची जुंपली होती. आम्ही दोघं नवराबायको मध्ये मूग गिळून बसलो होतो आणि ताई पोह्यांवर पोहे करत होत्या. शेवटी साडूंनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, हिच्यातला सेल चालेल तोवर मी चालवीन, तो संपला की त्या दिवसापासून गाडीला हात लावणार नाही. लेकीनं मोबाईलवर बघितलं, दोन ते तीन वर्षं. दोन तर झालेलीच होती. म्हणजे फार तर वर्षभराचा प्रश्न, असा हिशेब करून ती कबूल झाली आणि जाताना दुसरी चावी जामीन म्हणून पुण्याला घेऊन गेली. पोरगी हुशार खरी, पण आपला बाप कोण आहे हे त्या घटकेला ती विसरली.

तिथून पुढं त्या सेलची जी बडदास्त राखली गेली तशी मी घरात आलेल्या जावयाची पाहिलेली नाही. पहिली गोष्ट, बटण दाबायचं बंद. रिमोटच्या पोटात दडलेली पातळ लोखंडी चावी बाहेर काढायची, आणि जुन्या काळासारखं दार किल्लीनं उघडायचं. पहिल्या दिवशी हे करताच गाडीला वाटलं चोर आला, आणि ती अशी काही बोंबलायला लागली की अख्खी गल्ली बाहेर आली. साडू शांतपणे उभे राहून सगळ्यांना सांगत होते, काही नाही, सेल वाचवतोय. दुसरी गोष्ट पुस्तकातली. चावी गाडीच्या फार जवळ ठेवू नये, त्या दोघी एकमेकींशी सारख्या संपर्कात राहतात आणि सेल खर्ची पडतो, असं एका कोपऱ्यात बारीक टायपात लिहिलं होतं. साडूंची गाडी नेमकी झोपायच्या खोलीच्या भिंतीला खेटून उभी. म्हणजे रात्रभर या दोघी भिंतीतून बोलत बसणार, असं म्हणून त्यांनी चावी आणून आमच्या घरात, फ्रीजच्या बाजूच्या खिळ्याला टांगली. तेव्हापासून गाडी त्यांच्या दारात आणि चावी आमच्या घरात, असा संसार सुरू झाला. कुठं जायचं झालं की साडू आमच्याकडे येणार, चहा घेणार, चहात साखर मागच्या मंगळवारपेक्षा जास्त आहे हे सांगणार आणि मग चावी घेऊन जाणार. माझी बायको वैतागून म्हणायची की यापेक्षा गाडीच आपल्या दारात लावा. पण एखाद्या दिवशी ते आले नाहीत तर तीच खिडकीतून डोकवायची.

रविवारी सकाळी साडेनऊला तपासणी. आठवड्यातून बटण दाबायची परवानगी तेवढी एकदाच. आमच्या फाटकापासून गाडीपर्यंत त्यांची बावीस पावलं भरायची. तिथं उभं राहून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते एकदाच बटण दाबायचे. पलीकडे गाडीचे दिवे लुकलुकले की माझ्याकडे बघून म्हणायचे, “पास.” समोरचे मास्तर, त्यांच्या सूनबाई, दूध घालायला येणारे काका असे दोनचार प्रेक्षक ठरलेले असायचे. सेल काही एकदम मरत नाही, हे मला साडूंनी शिकवलं. आधी त्याची हाक लांबवर पोचेनाशी होते, मग जवळ जाऊन दाबावं लागतं, मग एकाच्या जागी दोनदा. तिसरं वर्ष संपलं, बावीस पावलं. चौथं संपलं, बावीस. लेक फोनवर विचारायची, बाबा, अजून? आणि हे अभिमानानं सांगायचे, अजून. तिनं एकदा मलाच गाठलं, काका, तुम्ही तरी खरं सांगा, ते बदलत तर नाहीत ना? मी तिला म्हणालो, बाई गं, तुझ्या बापानं साधा खोटा स्क्रू कधी पुढं जाऊ दिला नाही, तो स्वतःला फसवेल होय?

पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला, उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर यायला लागले त्या सुमाराला, एका रविवारी गाडी बावीस पावलांवरून बोलली नाही. साडू पुढं सरकले. सतराला बोलली. त्यांनी ‘पास’ म्हटलं नाही, नुसते घरात गेले. पुढच्या रविवारी अकरा, त्यानंतर सहा. मग गाडीत समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला, चावीचा सेल उतरला म्हणून. खरं सांगतो, त्या माणसाची मी आयुष्यभर टिंगल केली, पण शनिवारी डोक्याला रुमाल बांधून निघालेल्या ताई आणि स्टिअरिंगवर दहा वाजून दहा मिनिटांसारखे हात ठेवून बसलेले साडू, हे बंद होणार या विचारानं मला जेवण जाईना. गाडी गेली की हा माणूस पुन्हा कुणाच्या तरी शेजारी बसून जाणारा होणार. आणि ते सगळं कशावाचून, तर घड्याळवाल्याकडे कुठंही मिळणाऱ्या एका चपट्या सेलवाचून.

त्या शनिवारी सोनईहून आल्यावर साडू चावी टांगून गेले. मी बायकोला भाजी आणायला पाठवलं, आदल्या दिवशी आणून ठेवलेला नवा सेल काढला आणि चहाच्या चमच्यानं ती चावी उघडली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं काम न सांडता, न मोडता केलं. जुना सेल शर्टाच्या खिशात टाकला, चावी जागेवर लटकवली आणि बायको आली तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो, ते उलटं नव्हतं एवढं मला आठवतं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. मी त्यांना आणखी पाच वर्षं दिली होती.

रविवारी साडेनऊला ते सहा पावलांवर उभे राहिले. दाबलं, दिवे लागले. अकरावर गेले, लागले. आमच्या फाटकापर्यंत मागं आले, बावीस, लागले. मास्तरांनी टाळी वाजवली. साडू मात्र मागं मागं जात गल्लीच्या तोंडाशी पोचले, तिथूनही लागले. ते तसेच सरळ आमच्या घरात आले, खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, “आजारी माणूस एका रात्रीत पळायला लागला तर घरच्यांनी पेढे वाटावेत. इन्स्पेक्शनवाल्यानं मात्र तपास करावा.” मी काहीतरी हवामानाचं वगैरे बोलून बघितलं. त्यांनी नखानं चावी उघडली, चकाकता नवा सेल बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे बघत राहिले. माझं तोंड उतरलं. मी सरळ सांगून टाकलं की हो, मी केलं, तुमची गाडी सुटलेली मला बघवणार नाही म्हणून केलं.

मला वाटलं आता माझ्यावर ‘रिजेक्ट’चा शिक्का बसणार. पण साडूंनी नवा सेल बोटानं माझ्याकडे सरकवला. ते चारचौघांत पुस्तकी बोलतात. आतून हलले की मात्र त्यांची सोनई बाहेर येते.

“तुमी मायेनं केलं, कळतंय मला,” ते म्हणाले. “पन साडूभाऊ, मी म्हयनाभर या सेलची मरायची वाट बघतोय.”

मी माझी खुर्ची पुढं ओढली.

“देवळालीला चाललो हुतो. डावीकडनं एक म्हातारा सायकलीवर आला. मला दिसलाच न्हाई. तुमच्या ताई वरडल्या म्हनून ब्रेक दाबला. त्यो मानूस पडला न्हाई, काई न्हाई, उलटा मलाच हात करून गेला. पन मला दिसला न्हाई वो. ताईंनी कुनाला सांगितलं न्हाई, मी बी न्हाई.” त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. “सेल संपला म्हनून गाडी सोडली, हे मला कुनालाबी सांगता येतंय. डोळं गेलं म्हनून सोडली, हे तोंडातनं निघत न्हाई. लेकीपुढं तर न्हाईच. अन् तुमी मला आनखी पाच वर्षं देऊन बसले.”

जुना कुठाय, असं त्यांनी विचारलं. मी खिशातून काढून दिला. तो त्यांनी चावीत बसवला, आम्ही दोघं बाहेर गेलो, गाडीच्या अगदी जवळ. आणि ज्या माणसानं दोन वर्षांहून जास्त ते बटण जपून जपून वापरलं होतं तो ते दाबत सुटला. उघड, बंद, उघड, बंद. दिवे लुकलुकत होते, मास्तरांना काही कळेना, ताई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना सगळं कळलं. किती वेळ झाला कुणास ठाऊक. मग एकदा दाबलं आणि काही झालं नाही. आणखी दोनदा दाबून त्यांनी खात्री करून घेतली आणि तिथंच उभं राहून लेकीला फोन लावला. “सेल संपला,” म्हणाले. पलीकडून ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. यांनी वर्षं, महिने आणि दिवस सांगितले, आवाज चढवून सांगितले, आणि फोन ताईंच्या हातात देऊन घरात गेले.

पुढच्या शनिवारी नव्या सेलची चावी त्यांनी माझ्या हातात दिली. सोनईला जायचं होतं. ताई मागं बसल्या, साडू माझ्या शेजारी. पट्टा नीट लावला का, आरसे बघितले का, हे त्यांनी दोनदोनदा विचारलं आणि मी क्लच कसा सोडतो यावर गल्ली संपेपर्यंत भाष्य केलं. मोठ्या रस्त्याला लागताना मी थांबलो. साडूंनी मान वळवून बाहेर बघितलं आणि म्हणाले, “डावीकडं मोकळं आहे, घ्या.” पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या तिथल्या फाट्यावरही त्यांनी तेच सांगितलं. दोन्ही वेळा मी “बरं” म्हणालो, आणि त्यांना कळणार नाही इतक्या हळू मान वळवून स्वतः बघून घेतलं.