फोम मारला तेव्हा आम्ही घरात नव्हतो

दर उन्हाळ्यात आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझी एक गोष्ट कुणीतरी टाकतं. गारखेड्यातल्या घराच्या पत्र्याला मी आतून ऊन अडवणारा फोम मारून घेतला, तो वाळेपर्यंत बायको-मुलासह त्याच घरात राहिलो, आणि वर म्हणालो, "आमचाच फोम आहे, काय होतंय?" खाली हसरी तोंडं येतात. ही गोष्ट खोटी आहे. ती मीच रचली आणि इतकी वर्षं मीच तिला तेलपाणी केलं. आता ती मोडणं भाग आहे. तिच्याच भरवशावर माझा मुलगा आपल्या तान्ह्या पोरीला फोमच्या वाफेत झोपवायला निघाला होता.

मुलानं कॅनडात जुनं लाकडी घर घेतलं. भिंती आतून पोकळ, बाहेर नुसता बर्फ. थंडी अडवायला त्यांत काचेचा कापूस भरावा की फोम फवारावा, असं त्यानं मला फोनवर विचारलं. विचारणारच. माझी उमेदीची वर्षं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात शीतगृहाच्या भिंतींत फोम भरण्यात गेली. मी म्हणालो, फोमच घे, पण घट्ट जातीचा. मऊ फोममधून घरातला दमटपणा थंड भिंतीपर्यंत पोचतो, तिथं पाणी सुटतं आणि लाकूड कुजतं. भर थंडीत मारू नकोस, गारठलेल्या लाकडाला तो नीट धरत नाही. उन्हाळ्यापर्यंत थांब आणि तेव्हाही घर रिकामं कर.

"कंत्राटदार म्हणतो दोन तासांत आत या. तो पुढच्या आठवड्यातच येतोय."

माझा पारा चढला. खिडक्या बर्फानं बंद, तर वाफ जाणार कुठं? आपलं पुढचं काम गाठायचं म्हणून हा माणूस लेकराच्या फुप्फुसाशी खेळतो? मी बरंच बोललो. मुलानं शांतपणे ऐकून घेतलं. मग स्पीकरवरून त्याचा आवाज आला, "बाबा, तुम्ही तर घरातच राहिला होतात. मीही होतो. मला काय झालं?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको दारात आली. ती गोष्ट निघाली की ही बाई नेहमी उठून आत जायची. या वेळी ती बाहेर आली.

"सांगा आता," ती म्हणाली. "का पोरीला काही झाल्यावर सांगणार?"

मी सांगितलं. तेच इथं लिहितो.

तेव्हा चिकलठाण्यात नवनवे कारखाने उभे राहत होते आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर सारखं पेटत होतं. आमचं घर पत्र्याचं. एप्रिलमध्ये आत बसवत नसे. फोम विभागात माझ्याबरोबर लागलेला, माझ्याच हुद्द्याचा एक सहकारी होता. नामांतराच्या मोर्चांना तो उघड जायचा. आमच्या कॉलनीत नामांतराविरुद्ध बोलणं चाले, तिथं मी मान डोलवायचो. तो मला 'भाऊ' म्हणायचा. पत्र्याला आतून फोम मारायची कल्पना त्याचीच. एका रविवारी तो फवारणीची बंदूक घेऊन आला. त्यानं आधीच बजावून ठेवलं होतं, "भाऊ, दोन रात्री या घरात झोपायचं नाय. दारं-खिडक्या उघड्या टाकायच्या आन् निघायचं."

आम्ही औरंगपुऱ्यात माझ्या थोरल्या भावाकडे जाणार होतो. फवारणी संपली तेव्हा बातमी आली की शहर बंद झालंय, दगडफेक चालू आहे. रिक्षावाला जुन्या शहराकडं यायला तयार होईना. घरात तर श्वास घेववत नव्हता. मुलगा खोकायला लागला.

सहकारी म्हणाला, "चला माझ्याकडं. स्टेशनच्या रस्त्यानं छावणीच्या अंगानं जाऊ."

त्याची वस्ती छावणीपलीकडे होती. मी म्हणालो, उगाच तुम्हाला त्रास. बायकोनं तोवर मुलाला त्याच्या स्कूटरवर पुढं उभं केलं होतं.

त्याच्या आईनं बायकोला "ये लेकी" म्हणून आत घेतलं. ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा. मुलगा जेवायला बसलाही. आणि मी, शिकलेला, कारखान्यात रोज त्याच्या डब्याशेजारी आपला डबा उघडणारा मी म्हणालो, "माझा उपास आहे."

"रविवारचा?" सहकारी म्हणाला. "असला उपास बी असतो व्हय?"

"आमच्यात असतो."

बायको ताटाकडे बघत राहिली. म्हातारीनं मात्र ते खरं मानलं. बंदमध्ये दुकानं मिटलेली, तरी शेजारीपाजारी फिरून ओंजळभर शेंगदाणे मिळवले, तव्यावर भाजले आणि गुळाच्या खड्यासह माझ्यासमोर ठेवले. ते मी खाल्ले. तिच्या तव्यावरचे शेंगदाणे चालले, तिच्या तव्यावरची भाकरी चालली नाही. हे कुठलं शास्त्र, ते मला आजही कुणी समजावून सांगावं.

हल्ला होईल या धास्तीनं त्या दोन्ही रात्री गल्लीतले पुरुष बाहेर बसून होते. धास्ती कुणाची होती? आमच्यासारख्यांची. आणि आत गोधडीत माझा मुलगा निवांत झोपला होता.

घरी परतलो त्याच दिवशी थोरला भाऊ आला. "बंदमध्ये कुठं होतात? आमच्याकडं तर आला नाहीत."

मी तत्काळ म्हणालो, "घरातच होतो."

"त्या वासात?"

"आमचाच फोम आहे. काय होतंय?"

तो हसला. लोकांना सांगत सुटला. पुढं मीही सांगायला लागलो, रंगवून. एकदा घरी पूजेला सगळे जमले होते, सहकारीही आला होता. भावानं भर पंगतीत तीच गोष्ट काढली आणि मला पूर्ण करायला लावली. मी सहकाऱ्याच्या देखत ती पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तो म्हणाला, "लई भारी घर हाय तुमचं साहेब. माणसं घरातबी राहत्यात आन् आमच्या गोधडीत घोरत्यात बी."

त्या दिवसापासून मी त्याचा 'साहेब' झालो. हुद्दा तोच होता. तो पुढं वाळूजच्या एका कारखान्यात गेला. आमच्या घरी पुन्हा आला नाही.

आता तो नाही. लिहिण्याआधी त्याच्या मुलाला फोन केला, नाव घालू का म्हणून. तो म्हणाला, "लिहायचं ते लिहा. आमचं नाव नको. तुमची गोष्ट आहे, तुम्हीच सांभाळा." म्हणून इथं कुणाचंच नाव नाही.

खरी हकिकत मी ग्रुपवर टाकली. पुतण्यानं लिहिलं, "काका, जुनं कशाला उकरता? आपल्याकडं कधी कुणी जात मानलीच नाही." त्याखाली चार अंगठे. मला याची चीड येते. मानली नाही तर मी रविवारी उपाशी का होतो? दर उन्हाळ्यात हसायला ही गोष्ट जुनी नव्हती, आज खरी झाली तेव्हा जुनी झाली?

त्या दिवशी फोनवर मुलानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे मी त्यांच्या घरी झोपलो होतो."

"जेवलासही."

त्यानं कंत्राटदाराला उन्हाळ्यात यायला सांगितलं. तेव्हा दोन रात्री ते बाहेर राहणार आहेत. शेजारच्या म्हातारीनं आपल्याकडं या म्हटलंय. ती कुठल्या देशाची, काय खाते, त्याला अजून नीट माहीत नाही. "हॉटेलात जावं का, बाबा?" त्यानं परवा फोनवर विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला.

"तिच्याकडंच जा," ती म्हणाली. "आणि ती वाढेल तेव्हा उपास आहे म्हणू नकोस."