देवीने संसार बनवला

माझी मुलगी जग निर्माण करायचं काम करते, आणि तेही घरी बसून, इंदूरला अन्नपूर्णेच्या मंदिराजवळच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. तिची कंपनी व्हिडिओ गेम बनवते. गेममधल्या दुनियेचं पुराण ही लिहिते: ती दुनिया कोणी घडवली, रात्र का होते, मेलेले कुठे जातात. सिमरोलच्या कॉलेजात चार वर्षं इंजिनिअरिंग करून शेवटी पोथी लिहायला बसलीस, असं मी तिला चिडवते. ती म्हणते, "आई, तू नाही समजणार, लोअर लेव्हलवर सगळं कोडिंगच आहे." असेल बापडं.

गेम मराठीतही यायचा होता. ते काम हिने मागून घेतलं. "घरी बोलतो की आपण मराठी!" म्हणाली. मला धाकधूक होती, कारण घरी बोलतो ती मराठी म्हणजे "आई, मी थकून गेली, खाना लाव ना." हिचे बाबा इंदूरचेच, ते अर्ध्या वाक्यात हिंदीत कधी शिरतात त्यांनाच कळत नाही. मी साताऱ्याहून लग्न करून आले. या घरात मराठी टिकवायची म्हणून आयुष्यभर टोकत राहिले, आणि टोकून टोकून एवढीच हाती लागली.

एक दिवस दुपारी ती हेडफोन काढून स्वयंपाकघरात आली. चेहरा पार उतरलेला. पुण्याचे एक सर मराठी तपासतात. त्यांनी हिचं पहिलं वाक्य मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं: "सुरुवातीला फक्त दूध होतं. मग देवीने संसार बनवला." आणि विचारलं होतं, "नवरा कोण मग देवीचा?" सगळे हसले. सोमवारपर्यंत नीट झालं नाही, तर मराठीचं काम पुण्यातल्या कुणाला तरी जाणार होतं.

खरं सांगते, मलाही आधी हसूच फुटलं.

"संसार म्हणजे दुनियाच ना?" ती रडवेली झाली होती.

"हिंदीत, बाई. आपल्यात संसार म्हणजे घर, चूल, नवरा, पोरंबाळं."

"जाऊ दे. मला नाहीच येत मराठी. आजपासून हिंदीतच बोलू आपण."

मला राग आला, त्या सरांचा. अहो, चूक दाखवा ना, चारचौघांत हसता काय पोरीला!

ती लॅपटॉप उघडून संसार खोडायला लागली. मी म्हटलं, "थांब गं जरा." कारण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. समजा, देवीने खरंच संसार केला असेल तर? "दूध होतं म्हणतेस. त्याचं पुढे काय होतं?"

"आपोआप जमतं. त्याची जमीन होते, पहाड होतात."

"आपोआप? दूध आपोआप नासतं. विरजण लावावं लागतं."

"विरजण म्हणजे?"

"जामन गं, जामन!"

"अच्छा!" ती सरसावून बसली. मग थांबली. "पण आई, जामन तर दह्यातूनच घेतात ना? मग सगळ्यात पहिलं दही कशाने लागलं?"

आता आली का पंचाईत! इतकी वर्षं रोज दही लावते मी, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आम्ही दोघी ओट्यावरच्या पातेल्याकडे बघत राहिलो.

"मतलब पहिलं काही नव्हतंच," ती हळूच म्हणाली. "या दुनियेच्या आधीही एक दुनिया होती. तिच्यातलं थोडंसं उरलं."

"आणि तिच्या आधी?"

"तिच्याही आधी."

माझं डोकं गरगरायला लागलं. मी चहा टाकला.

"पण देवीला ते आणून दिलं कोणी?" तिने विचारलं.

"कोणी म्हणजे? शेजारणीने. आणखी कोण देणार?"

हे मी सहज बोलून गेले, पण माझ्या डोळ्यांसमोर शेजारची मावशी उभी राहिली. मी नवी नवरी, हे महूला कामावर गेलेले, आणि मी रिकामी वाटी घेऊन तिच्या दारात. "विरजण आहे का?" मी विचारलं. तिला कळेना. ती माळव्यातली, मराठीचा गंध नाही. मी हाताने ढवळून दाखवलं, तर तिने मला रवी आणून दिली. मी रवी घेऊन घरी आले आणि रडत बसले. थोड्या वेळाने तीच आली, हातात दह्याची वाटी. "जामन चाहिए था ना?" म्हणाली, आणि हसत सुटली. मग मीही हसले. या गावात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. पुढे कधी विरजण तुटलं की मी तिच्याच दारात. मागच्या दिवाळीनंतर ती गेली. तेव्हापासून मी विरजण तुटू दिलेलं नाही.

हे सगळं मी मुलीला सांगितलं, आणि ऐकता ऐकताच ती टाइप करायला लागली.

सोमवारी पुण्याचा फोन आला. तिने स्पीकरवर टाकला. मी दाराआड, हातात झारा तसाच.

"संसार राहू द्या," सर म्हणाले. "आता तो शोभतोय. पण हे जामन काढा. मराठी शब्द नाही तो. दोन्हीकडे विरजणच करा."

मी मनात म्हटलं, झालं, आता ही 'ओके सर' म्हणणार.

"नाही सर," ती म्हणाली. "विरजण देवी मागते. जामन शेजारीण देते. तो शब्द शेजारणीचा आहे. दोघींना एकमेकींची भाषा कळत नाही, तरी दही लागतं. तो शब्द काढला, तर जग कशाने लागणार?"

अख्खं मराठीत बोलली हो, एका दमात!

"बरं, राहू द्या," सर म्हणाले. "पुढचा भागही तुम्हीच लिहा. पण शेजारणीचं पुढे काय होतं? खेळणारे विचारतील, ती कुठे भेटेल म्हणून."

मुलीने वळून दाराकडे, माझ्याकडे पाहिलं.

"ती नाही भेटणार, सर. ती गेली. पण दही तिचंच आहे."

मी आत आले, पदराने डोळे पुसले, आणि जेवायला वाढायच्या आधी वाटीभर दही उद्यासाठी बाजूला काढून ठेवलं.