जिन्याखालच्या कपाटाचं कुलूप

मी भित्रा माणूस आहे, आणि हे सांगायची मला आता लाज वाटत नाही. भिलाईच्या स्टील प्लांटात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सची नोकरी धडधाकट निभावली ती या भीतीच्या जोरावरच. तिथला नियम असा, की मशीन दुरुस्तीला घेतलं की काम करणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या स्विचला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही, साहेबानेसुद्धा. रिटायर झालो तरी सवय गेली नाही. भिलाईतल्याच जुनवानी भागातल्या घरी पाण्याची टाकी धुवायला चढलो की मोटरच्या स्विचला माझं कुलूप. बायको म्हणायची, घरात दोनच माणसं, मोटर काय भूत चालू करणार आहे?

मग तिसरं माणूस आलं. इथल्या एका फुटबॉल क्लबने आमच्या वरच्या खोलीत आपला खेळाडू आणून ठेवला. घानाचा. आधी काठमांडूला खेळला, मग ढाक्याला, मग केरळात, आणि आता भिलाईला. दर वर्षी नवं गाव आणि नवी डाळ, असं तो त्याच्या मोडक्या हिंदीत सांगायचा. मला अंकल म्हणायचा, बायकोला आई. आईने त्याचे चिखलाचे बूट काही घरात येऊ दिले नाहीत, त्यांची जागा जिन्याखालच्या लोखंडी कपाटात, तिच्या मोठ्या पातेल्यांच्या खालच्या कप्प्यात. माझ्या कुलपाची त्याला भारी गंमत वाटायची. एकदा टाकी धुवायला मदतीला आला तेव्हा त्याने माझ्या कुलपाशेजारी आपलं सायकलचं कुलूप अडकवलं, चावी खिशात टाकली आणि गंभीर तोंडाने टाकीत उतरला.

सेमीफायनलला बॉल डोक्याने मारायला तो उडाला आणि समोरच्याच्या डोक्यावर त्याचं डोकं आपटलं. आवाज मला मैदानाच्या पार कडेला ऐकू आला. तो पडला, उठला, टाळ्या घेतल्या आणि शेवटपर्यंत खेळला. दुसऱ्याच दिवशी फायनल होती. सकाळी खाली येऊन त्याने चहा घेतला, कप धुऊन ठेवला. दहा मिनिटांनी परत आला आणि आज चहा नाही का, म्हणून विचारू लागला. बायको हसली, तोही हसला. मी हातातला कप खाली ठेवला.

कारण हे मी आधी पाहिलं होतं. माझ्या प्लांटातल्या जोडीदाराच्या हेल्मेटवर वरून पाना पडला होता. तोही उठला, हसला, आणि कँटीनमध्ये चहा पिऊन झाल्यावर चहा कधी येणार म्हणाला. फोरमनला सांगू नको, मला अनफिट करतील, असं त्याने मला बजावलं. मी सांगितलं नाही. दुपारी तो बसल्या जागी कलंडला, तो पुन्हा उठलाच नाही. त्याच्या घरच्यांना मी हे आजवर सांगितलेलं नाही.

मी या पोराला म्हटलं, दवाखान्यात चल. त्याने आधी उडवून लावलं, मग गयावया करू लागला. मलेशियाच्या एका क्लबचा माणूस त्यालाच पाहायला फायनलला येणार होता. वय एकतीस, व्हिसा संपत आलेला, ही संधी गेली की गावी परत. मी इथल्या क्लबला फोन केला, तर सेक्रेटरी म्हणाला, काका, ऐन फायनलच्या दिवशी अपशकुन करू नका. पोरगा तयारी करायला वर गेला आणि मी खुर्चीत बसून राहिलो.

बायको आता हसत नव्हती. ती म्हणाली, "तुमी कावून गप्प बसून राहिले? मांगच्या वेळी गप्प बसले होते, काय झालं?"

मी उठलो आणि माझं कुलूप कपाटाला लावलं. त्याच्या मापाचे बूट अख्ख्या भिलाईत कुठे मिळाले नसते.

तो खेळायचे कपडे घालून खाली आला. एका लाथेत कडी उपटली असती. पण नियम त्याला माहीत होता, त्याने चावी मागितली. मी दिली नाही. तो त्याच्या भाषेत ओरडला, मग पायरीवर बसून रडला. मला त्याची भीती वाटत होती, त्याच्यासाठी वाटत होती, आणि सगळ्यात जास्त ही, की त्याला काहीच झालेलं नसेल आणि मी दुधाने तोंड पोळलेला म्हातारा, ताक फुंकता फुंकता एका माणसाची भाकर हिसकावून घेतोय. माझा हात खिशात गेला. चावी बोटांत धरलीसुद्धा.

तेवढ्यात त्याने डोळे पुसले, कपाटाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "अंकल, इसमें ताला किसने लगाया?"

शेजाऱ्याच्या गाडीतून त्याला नेलं. डोक्यात रक्त साकळलं होतं. डॉक्टर म्हणाले, कदाचित आपोआप जिरलं असतं, कदाचित दुसऱ्या माराने संध्याकाळ दिसली नसती. यापुढे फुटबॉल मात्र बंद. मलेशियाचा माणूस दुसऱ्याच कुणाला पसंत करून गेला.

तो महिनाभर आमच्याकडेच होता. सुरुवातीचे कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही, आईच्या हातचं मात्र मुकाट्याने जेवायचा. त्या मुकेपणाचीही मला भीती वाटायची. निघायच्या दिवशी दुर्ग स्टेशनला जाणारी गाडी दारात आली, तेव्हा मी माझं कुलूप काढलं आणि कपाट उघडून बाजूला झालो. त्याने बूट बाहेर काढले, उलटसुलट करून पाहिले आणि परत आत ठेवले. मग बॅगेतून सायकलचं कुलूप काढून कपाटाला लावलं, चावी खिशात टाकली आणि माझ्याकडे पाहून खिशावर दोनदा थाप मारली. बायकोला म्हणाला, "आई, येतो."

कपाटात तिची दोन मोठी पातेली अडकली आहेत. कुलूप तोडा, असं तिने अजून एकदाही म्हटलेलं नाही.