दोन नंबरचं गेट

मार्गिट ओरोस आमच्या तुकडीत आली तेव्हा तेहेतीस वर्षांची होती, आम्हा सगळ्यांपेक्षा मोठी. अमेरिकेतल्या टोलेडोत नदीपलीकडच्या हंगेरियन वस्तीत ती वाढली आणि अकरा वर्षं एका शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. आम्ही पाइपफिटर, म्हणजे वाफेचे, गॅसचे, तेलाचे नळ जोडणारे लोक. १९९१ साली या धंद्यात बाई शोधून सापडत नव्हती. आपल्याला इथं यायचंच होतं असं मार्गिटही कधी म्हणाली नाही.

झालं असं, की शाळेतलं वाफेवर चालणारं मोठं पातेलं बिघडलं. दुरुस्तीला आलेल्या म्हाताऱ्या फिटरनं तिला पाना धरायला लावलं आणि जाताना म्हणाला, "हात चांगला आहे तुझा. फेब्रुवारीत युनियनच्या हॉलवर अर्ज घेतात. जाऊन बघ."

ती गेली. तिला वाटलं, नोकरीचा अर्ज असेल. हे पाच वर्षांचं शिक्षण आहे, दिवसा साइटवर काम आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग, हे तिला थेट मुलाखतीत कळलं. समोर शिक्षण समितीचे तिघं बसले होते.

"हाच धंदा का?" एकानं विचारलं.

"ते पातेलं आता नीट चालतं," ती म्हणाली. "का चालतं ते मला कळलं नाही."

एकानं कागदावर काहीतरी खरडलं आणि तिला जायला सांगितलं. घरी येऊन तिनं आईला सांगितलं, की आपलं काही खरं नाही. चौदा महिन्यांनी पत्र आलं, 'तुमची निवड झाली आहे.' यादीत आपण कितव्या होतो, वरचे किती गळले, हे तिला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

वर्गात ती माझ्या शेजारी बसायची. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, की नळ पंचेचाळीस अंशात वळवायचा असेल तर अंतराला १.४१४ नं गुणायचं.

"हा आकडा आला कुठून?" मार्गिटनं विचारलं.

"माझ्या मास्तरांकडून," मास्तर म्हणाले. वर्ग हसला. मार्गिटनं तेही वहीत लिहून घेतलं.

साइटवर तिला डेल्बर्ट रॉशच्या हाताखाली दिलं. डेल्बर्ट पक्का कारागीर, अठ्ठावन्न वर्षांचा, दिवसाला वीस शब्दांपलीकडे न जाणारा. दुसऱ्याच दिवशी बाकीच्यांनी तिला पाइप ताणायचं यंत्र आणायला पिटाळलं. ती तासभर या शेडमधून त्या शेडमध्ये फिरली, आणि प्रत्येक जण गंभीर चेहऱ्यानं पुढच्या शेडकडे बोट दाखवत राहिला. लोखंडी नळ ताणता येत नाही, हे तिला डबा खायच्या सुट्टीत कळलं.

आठवड्याभरानं डेल्बर्ट म्हणाला, "दोन इंचांचा डचमन काप."

"तेवढी खुळी नाही राहिले मी आता," ती हसून म्हणाली.

पण डचमन खरा असतो. नळ जिथं कमी पडतो तिथं जो तुकडा घालतात, त्याला आम्ही डचमन म्हणतो. डेल्बर्टनं स्वतःच तुकडा कापला आणि जोडात बसवला. जाताना एवढंच म्हणाला, "उद्या सातला ये."

काम रोजच सातला सुरू व्हायचं. त्या संध्याकाळी मार्गिटनं मला विचारलं, "लेस्टर, म्हणजे तो रागावलाय की नाही?"

मला काय माहीत असणार? मीही शिकाऊच होतो.

अशी तीन वर्षं गेली. तिचं वेल्डिंग आमच्या तुकडीत सगळ्यांत सरळ झालं, तरी आपल्याला काही येतं की नाही याची तिला खात्री नसायची. डेल्बर्ट तिचा जोड बघायचा, बोट फिरवायचा आणि पुढच्या जोडाकडे जायचा. हे कौतुक आहे असं मी तिला सांगायचो. ती म्हणायची, "कशावरून?"

१९९४ च्या मार्चमध्ये आम्ही एका काच कारखान्याच्या बॉयलर घरावर होतो. तिथल्या एका ठेकेदारानं युनियनबाहेरचे सुतार लावले, म्हणून सुतारांच्या युनियननं धरणं धरलं. दुसऱ्या युनियनच्या धरण्याची ओळ आमच्यापैकी कुणी ओलांडत नाही. म्हणून कारखान्यानं दोन गेटं केली. एक नंबरचं त्या ठेकेदाराच्या माणसांसाठी आणि मालासाठी, दोन नंबरचं बाकी सगळ्यांसाठी. सुतार फलक घेऊन एक नंबरवर उभे. दोन नंबर जोवर त्या ठेकेदारापासून मोकळं आहे, तोवर तिथून आम्ही आत जायला कायद्याची हरकत नव्हती. त्याचा माल तिथून गेला, तर मात्र सुतारांना तिथंही धरणं धरता येणार होतं.

त्या सकाळी मी आत गेलो होतो. मार्गिट आली तेव्हा डेल्बर्ट दोन नंबरच्या बाहेर आपल्या गाडीत पेपर वाचत बसला होता.

"जायचं ना?" तिनं विचारलं.

"तुझं तू बघ."

"हॉलवर म्हणाले, इथून जाता येतं."

"म्हणाले."

"मग तुम्ही का बसलात?"

"कॉफी संपायचीय."

तेवढ्यात आमचा मुकादम स्ट्राउड गेटवर आला. "मार्गी, आत ये. नाहीतर आजचे तास धरणार नाही आणि तुमच्या शिक्षण समितीला कळवीन."

ती कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर गेली आणि तिथून हॉलला फोन केला. एक जण म्हणाला, खुशाल जा. नक्की करावं म्हणून तिनं पुन्हा फोन लावला, तर दुसराच कुणी म्हणाला, "हे ज्यानं त्यानं ठरवायचं असतं." परत येताना तिला दोन नंबरमधून एक ट्रक आत जाताना दिसला. दारावर त्याच ठेकेदाराचं नाव होतं.

शाळेच्या स्वयंपाकघरात असताना माल घेऊन आलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ टिपायची तिला सवय होती. तिनं डब्याच्या कागदी पिशवीवर ते टिपलं आणि डेल्बर्टला विचारलं, "तो ट्रक इकडून कसा गेला?"

डेल्बर्टनं पेपरचं पान उलटलं.

मग ती चालत एक नंबरच्या गेटवर गेली आणि फलक धरलेल्या एका सुताराला विचारलं, "त्यांचा माल दोन नंबरनं यायचा असतो का?"

सुतारानं फलक खाली ठेवला. "कधी आला?"

तिनं पिशवी दाखवली. अर्ध्या तासात सुतार दोन नंबरवरही उभे राहिले, आणि आम्ही दोनशे माणसं हत्यारं गोळा करून बाहेर आलो. काम अकरा दिवस बंद पडलं, आणि आमचा पगारही. बाराव्या दिवशी ठेकेदारानं सुतारांशी समझोता केला.

त्या अकरा दिवसांत कुणी मार्गिटच्या पाठीवर थाप मारली, तर कुणी तिला बघून रस्ता बदलला. आमच्यातला टॉम हेन्स, ज्याच्या घरी आठवड्यापूर्वीच मूल झालं होतं, हॉलच्या पायरीवर म्हणाला, "कुणाच्या बाजूची आहेस गं तू?"

"मी फक्त विचारलं," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

समितीनं तिला बोलावलं. आता आपल्याला काढणार म्हणून ती वर्गाची सगळी पुस्तकं परत करायला घेऊन गेली. मुलाखतीतलेच तिघं बसले होते.

"तू सांगितलंस?"

"विचारलं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्याच नाही."

एकानं चिठ्ठी लिहून पुढे सरकवली. "सोमवारपासून रिफायनरीवर जा."

"ही शिक्षा आहे का?"

"पत्ता खाली लिहिलाय."

पुस्तकं उचलून ती बाहेर आली आणि गाडीत बसून चिठ्ठीवरचा पत्ता पुन्हा वाचला. पुढच्या आठवड्यात डेल्बर्टही रिफायनरीवर बदली मागून आला. घरापासून जवळ पडतं म्हणाला. त्याच्या घरापासून ते चौदा मैल लांब होतं.

१९९६ मध्ये तिला पक्क्या कारागिराचं कार्ड मिळालं. डेल्बर्टच्या निवृत्तीच्या जेवणाला तिनं त्याच्या पानात कोबीत गुंडाळलेला खिमा वाढला आणि विचारलं, "खरं सांगा, तो ट्रक तुम्ही आधी पाहिला होता ना?"

"कोणता ट्रक?" डेल्बर्ट म्हणाला आणि खिम्यावर घालायला आंबट मलई मागितली.

पुढे तिनं बावीस वर्षं काम केलं. बॉयलरवरचा अवघड जोड असला की साइटवरचे लोक तिचंच नाव घ्यायचे. आता दोघंही आम्ही पेन्शनवर आहोत. गेल्या उन्हाळ्यात माझ्या अंगणात मक्याची कणसं भाजत असताना ती मध्येच म्हणाली, "काम बंद होतं त्या महिन्यात टॉमच्या बायकोनं बाळासाठी माझ्या आईकडून उसनं दूध नेलं, लेस्टर. आणि तो सुतार अजून मला नाताळचं कार्ड पाठवतो. मग मी केलं ते काय केलं?"

मी तिच्या ताटलीत आणखी एक कणीस ठेवलं. तिनं ते सावकाश खाल्लं आणि गुडघा धरून उठली. सकाळी तिला त्या गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जायचं होतं.