इंजिनाची आंघोळ

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी माझ्या पिकअपचं इंजिन फवारणीच्या पंपानं धुतलं. पूजेला गाडी आतूनसुद्धा चकाचक हवी, एवढाच माझा हेतू. झेंडूचा वास आला की अजून तो दिवस आठवतो, कारण लगेचच शेजारच्या वहिनींचा झेंडू भरून आम्ही अवसरीहून मंचरला निघालो होतो. दसरा उलटला की त्या फुलांना कुत्रं विचारत नाही. चढ लागला, टर्बोनं ओढ धरायच्या जागी इंजिन फटफट करत अडखळायला लागलं. मी डिझेलला शिव्या दिल्या, फिल्टर बदलला, टर्बोचा पाइप आवळला, लिंबू-मिरचीसुद्धा सरळ केली. ताडपत्रीखाली फुलं तापत होती आणि वहिनी सीटवर बसून माझी विद्वत्ता बघत होत्या. शेवटी मेस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "राव, इंजिन धुतलं व्हतं का?" मी वहिनींकडे पाठ करून हळूच हो म्हणालो. इंजिनात डिझेल सोडणाऱ्या इंजेक्टरच्या वायरींच्या सॉकेटांत पाणी शिरलं होतं. आता या मला फाडून खाणार, असं वाटलं. पण त्यांनी खाली उतरून पदराच्या टोकानं एकेक सॉकेट पुसायला घेतलं. "घाबरू नका भाऊजी, पोचतोय आपण." पोचलोही, बाजार उठायच्या आत. अजून दर दसऱ्याला गाडीचा हार त्याच आणतात, पण आधी बॉनेट उघडून कुठं ओल नाही ना, म्हणून हात फिरवतात आणि चारचौघांत विचारतात, "सोताच्या आंघोळीचा तुमाला कटाळा, अन् इंजिनाला घालायची कसली व्हती एवढी हौस?"