छापील टोपीत न मावणारं डोकं

छापलेल्या अक्षरावर माझ्या मोठ्या जावेच्या आईइतका अविश्वास ठेवणारं माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरं नसेल. त्यातून ते अक्षर क्रोशाच्या विणकामाचं असेल, तर बघायलाच नको. नव्वदच्या दशकात मी लग्न होऊन सिंदी रेल्वे या गावी आले, तेव्हा त्या आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत. दिवाळी सरली की मासिकांच्या अंकांत लोकरीचे नमुने येऊ लागत. कानटोप्या, मफलर, शाली, तान्ह्यांचे मोजे. आमच्याकडची थंडी ती केवढी! तुरीच्या शेंगा भरताना येते आणि हरभरा निघायच्या आत जाते. पण मावशी (मी त्यांना मावशी म्हणत असे) एकेक नमुना अंगणातल्या उन्हात बसून छापल्याबरहुकूम विणायच्या आणि समासात निळ्या पेनानं शेरा मारायच्या. 'मान जात नाही.' 'एक बाही माणसाची, एक माकडाची.' दोन्ही हात आत झाकून टाकणाऱ्या एका झोकदार पोंचोच्या चित्राखाली लिहिलं होतं, 'हे घालून पाणी कोण शेंदणार?'

शेरा मारण्याआधी वस्तू वापरून बघायचीच, हा त्यांचा नेम. झालरीची शाल पांघरून त्या भर बाजारात गेल्या आणि अर्धी झालर एका बकरीनं खाल्ली. घरी येऊन त्यांनी शांतपणे लिहिलं, 'झालर फक्त बकरीच्या उपयोगाची.' हातमोजे विणले ते मला घालायला लावले आणि म्हणाल्या, "आता भाकर थापून दाखव." गल्लीतल्या पोरांची डोकी त्या सुतळीनं मापत. त्यांना पाहिलं की पोरं आपणहून मान खाली घालून उभी राहत, कारण मापानंतर हातावर गूळदाणे पडत. एवढा खटाटोप कशासाठी, याचं मला फार कुतूहल होतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काऊन म्हंजे? छापणाऱ्याले डोक्सं नसते, घालणाऱ्याले असते."

माझी मुलगी वर्षाची झाली त्या हिवाळ्यात मी तिच्यासाठी विणलेल्या टोपीचा नमुना एका मासिकाला पाठवला आणि तो चक्क छापून आला. खाली माझं नाव, गाव, सगळं. मी अंक घेऊन धावतच मावशींकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, आणि अंक ठेवून घेतला. नवव्या दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर एक पिवळी टोपी ठेवली. मोठ्या संत्र्यावर बसली असती, एवढीच.

"तू लिवलं तसंच केलं," त्या म्हणाल्या. "आता याच्यात बसन असं डोक्सं आणून दे मले."

"तुमची सुई बारीक असेल."

"सुई तू सांगतली तेच हाय. तिसऱ्या फेरीपुढे खांब वाढवाचं तू लिवलंच नाई."

मी घरी येऊन माझी वही काढली. त्या म्हणत होत्या ते खरं होतं. विणताना हातानं आपोआप खांब, म्हणजे उभे टाके, वाढवले होते, लिहिताना दोन ओळी राहून गेल्या होत्या. चूक कळली म्हणून राग गेला असं मात्र नाही. उलट वाढला. महिनाभर मी त्या गल्लीनं गेलेच नाही.

मग मासिकाच्या कचेरीमार्फत माझ्या नावाचं एक पत्र आलं. हिंगणीच्या एका बाईंचं. त्यांनी नातवासाठी माझी टोपी तीनदा विणली होती आणि तीनदा उसवली होती. 'मी फार शिकलेली नाही, माझंच काही चुकत असेल, कृपा करून समजावून सांगावे,' असं लिहिलं होतं. ते वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्र घेऊन मी मावशींकडे गेले.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग प्रथमच, शेरा न मारता बोलल्या. "नवी नवरी होतो मी. पुस्तकात पाहून सासऱ्यायसाठी स्वेटर केलं. एक बाही कोपरापर्यंत, एक बोटापर्यंत. सारं घर हासलं. मलेच अक्कल नाई, असंच वाटे मले. चार वर्स सुई हातात नाई धरली. मंग एक दिवस टाके मोजले, तं पुस्तकच चुकलं होतं. छापलेलं चुकते, हे मले कोनी सांगतलंच नव्हतं वं."

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "उद्याची यष्टी किती वाजता हाय हिंगणीची?"

मासिकाला आम्ही दुरुस्ती पाठवली. ती छापून आली तेव्हा थंडी संपली होती. पण हिंगणीच्या त्या बाईंच्या ओसरीवर आम्ही पत्र वाचल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोचलो. मावशींनी तिथं बसूनच टोपी विणली, वाढवायच्या फेऱ्या बोटानं दाखवल्या. त्या बाई सारखं एकच विचारत होत्या, "म्हंजे माहं चुकलं नव्हतं?" आणि मावशी दरवेळी तितक्याच ठासून सांगत होत्या, "नाई. हिचं चुकलं." मी मान डोलवत होते. इतक्या आनंदानं मी आयुष्यात दुसरी कुठली चूक कबूल केलेली नाही.

पुढे बाजारात तयार स्वेटरांचे ढीग आले, मासिकांतले नमुने आटत गेले आणि मावशींची नजरही. शेवटच्या एकदोन हिवाळ्यांत मी दुपारी जाऊन त्यांना जुन्या अंकांतले नमुने वाचून दाखवत असे. त्या उन्हाकडे तोंड करून, मांडीवर बोटं हलवत ऐकायच्या. एकदा वाचता वाचता माझी एक अख्खी ओळ गळली. ते लक्षात येताच मी थांबले आणि बोलणी खायची तयारी केली. मावशींची बोटं तशीच हलत होती. चेहरा शांत होता.

मी मागे जाऊन ती ओळ वाचली. जरा मोठ्यानं, सावकाश.

"हं," त्या म्हणाल्या. "बराबर हाय. वाच पुढं."